ड्रेसिंगच्या खोलीतला पंखा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. लष्कराच्या रुग्णालयातल्या ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर उकळून काढलेले चिमटे ट्रेमध्ये मांडत होत्या. खोली म्हणजे जहाजावरून आलेला लोखंडी डबा. त्याला एक दार आणि एक खिडकी कापलेली. छताला पंखा, कोपऱ्यात बेसिन, त्याचा नळ कोपराने उघडायचा. खिडकीच्या कट्ट्यावर स्पिरिटच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला होता. वाय-फाय त्या कट्ट्यापर्यंतच येतं. हातभर आत सरकलं की समोरच्याचा चेहरा तोंड उघडं ठेवून थांबतो.

परक्या मुलुखातल्या या तळावर वाय-फायचे वार ठरलेले आहेत. सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून रोज एकाच विभागाला दुपारी तीनपर्यंत चालणारा त्या दिवसाचा पासवर्ड मिळतो. बुधवार दवाखान्याचा, गुरुवार स्वयंपाकघराचा, शुक्रवार गाड्यांवरच्या लोकांचा. अदलाबदल चालत नाही. एकाला दिली की सगळेच मागतील. घरी काही वाईट घडलंच, तर ऑफिसच्या फोनवर निरोप येतो. चांगल्या बातमीने आपल्या वारापर्यंत थांबायचं. सिस्टर आठवडाभर बुधवारची वाट बघतात आणि गेले काही बुधवार आईशी भांडण्यात घालवतात.

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावा आधीपासूनच अधू, म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. पिकलाय, आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावून झालं. ऑपरेशनची तारीख आईने दोनदा मोडली. तिची अट एकच: हात धरायला मुलगी हवी. सिस्टर या महिन्यात परतायच्या होत्या. मग त्यांच्या जागी येणारी तुकडी लांबली आणि मुक्काम वाढला. तिसरी तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

"मी काही उद्या जात नाही," आई म्हणाली. "तू ये, मग बघू."

"मी आले तरी डोळा मी कापणार नाहीये, आई."

"हात तर धरशील."

"हात वहिनी धरेल."

मागून वहिनीचा आवाज आला, "मी धरते म्हटलं तर म्हणाल्या, तुझे हात गार असतात!"

"आहेतच गार. फ्रीजमधून काढल्यासारखे."

सिस्टरनी हसू दाबलं. खरं तर आईच्या हातात वहिनीचा हात त्यांनाही नको होता. हे त्या वहिनीला कधी सांगणार नाहीत. नोकरीत परक्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्यात वर्षं गेली, आणि घरच्या डोळ्याची वेळ आली तेव्हा मधे समुद्र. रजा मागून पाहिली होती. "तुमच्या जागी कोण?" असं साहेबांनी विचारलं. रागावून नव्हे, खरोखरच विचारलं.

तेवढ्यात दारात लंबू आला. हा वॉर्डातला शिपाई. दार त्याच्यापेक्षा बुटकं आहे, त्यामुळे तो आधी कपाळ चोळतो, मग बोलतो.

"सिस्टर, आजी आल्यात."

आजी कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या. स्टोव्हचा भडका उडून कोपरापर्यंत हात भाजलेला. एक दिवसाआड ड्रेसिंग. त्यांची भाषा इथे कुणाला येत नाही आणि सिस्टर सगळ्यांशी सरळ मराठीत बोलतात. चिमटा लागण्याआधीच त्या "झालं, झालं, झालंच आता" सुरू करतात. एव्हाना आजींनी तो शब्द उचलला होता, खोलीत पाय ठेवताच त्या स्वतःच "झालं?" म्हणून विचारायच्या. लंबू पाठीमागे सिस्टरना 'झालंबाई' म्हणतो. सिस्टरना ते माहीत आहे.

"आई, ठेवते आता," म्हणून त्या बेसिनकडे वळल्या. एरवी त्या आधी फोन बंद करतात, मग हात धुतात. त्या दिवशी डोक्यात राग होता. हात आधी धुतले गेले. हातमोजे चढवून वळल्या तर पडद्यावर आई तशीच. धुतलेला हात फोनला लावता येत नाही. लंबूने आजींचा हात तोलून धरलेला.

"वहिनी, तिकडून बंद कर गं!"

वहिनी दुधाकडे धावली होती. सिस्टरनी कोपराने बाटली ढकलली. फोन उताणा पडला, कॅमेरा छताकडे. पेशंट दिसायला नको, एवढं साधलं. मग कोपरानेच पंख्याचं बटण बंद करून त्या कामाला लागल्या.

"झालं, झालं. धरा, माझा एप्रन धरा घट्ट. फाटला तर सरकारचा फाटेल." चिकटलेली पट्टी त्या पाण्याने भिजवून सोडवत होत्या. "आज एकट्याच? लेक नाही आली बरोबर?"

आजी त्यांच्या भाषेत बरंच काही बोलल्या.

"हो का? लांब असेल हो. कामं असतात. येईल."

लंबूने सिस्टरकडे बघितलं आणि परत आजींच्या हाताकडे बघू लागला.

नवी पट्टी बांधून झाली. आजी बाहेर बाकावर जाऊन बसल्या. सिस्टरनी हातमोजे काढले, हात धुतले, फोन उचलला. आई अजून होती, इतकी जवळ की नुसतं कपाळ आणि एक डोळा.

"अगं, तू आहेसच?"

"बंद कुठून करायचं ते दिसलं तर करेन ना! कोण गं ती?"

"भाजलेल्या आजी आहेत एक."

"लेक कुठे असते तिची?"

"मला काय माहीत? त्यांची भाषा येत नाही मला."

"मग एवढ्या गप्पा कसल्या मारत होतीस?"

"अशाच."

"रडली नाही ती."

"आज नाही."

"आणि तो पंखा पुसा आधी. दवाखाना म्हणे! पिवळा पडलाय नुसता. गरगर फिरतोय तरी वरची घाण जात नाही."

सिस्टरनी वर पाहिलं. ड्रेसिंगच्या वेळी धूळ उडू नये म्हणून बंद केलेला पंखा अजून बंदच होता. तीन पाती, पांढरी. लंबूने सकाळीच पुसली होती.

"पंखा बंद आहे, आई. आणि स्वच्छ आहे."

"काहीतरीच सांगू नकोस."

लंबू पुढे वाकला. "पुसलाय हो मावशी. डोकं आपटून घेऊन पुसलाय."

आई हसली नाही. पडद्यावरचा डोळा मिटला, उघडला, पुन्हा वर कुठेतरी बघू लागला. पिवळं काय पडलंय, ते सांगण्याआधीच आईला कळलं होतं.

"अगं ए," आईने आत हाक मारली, "उद्या किती वाजता निघायचं म्हणालीस?"

"आठला!" वहिनी धावत आली. "खाऊन यायला सांगितलंय."

"बरं. हात गरम करून ये म्हणजे झालं."

सिस्टरनी वहिनीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. थेंब घालताना खालची पापणी कशी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला का लागू द्यायचं नाही, हे स्वतःच्या डोळ्यावर करून दाखवलं, पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवायला लागल्या तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, कळलं मला." तीन वाजता दवाखान्याच्या वाय-फायची वेळ संपली आणि चित्र थांबलं. वहिनीचं बोट पापणीवर, शेजारी आईचा अर्धा खांदा. सिस्टरनी ते तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग ट्रे उचलला.

उद्या गुरुवार, पासवर्ड स्वयंपाकघराचा. सिस्टरची ड्युटी सकाळी सातपासून आहे. ऑफिसचा फोन ड्रेसिंगच्या खोलीपासून दोन दारं सोडून असतो आणि वाजला तर इथपर्यंत ऐकू येतो.