फिल्म उलटी नव्हती: कामोठे ते पुणे

या ब्लॉगवर एरवी मिसळ, घाट आणि पार्किंगच्या तक्रारी असतात. ही सहल ठरली एका एक्स-रेमुळे. माझ्या दहा वर्षांच्या सईचा खोकला महिनोन्‌महिने जाईना, म्हणून कामोठ्यातच छातीचा एक्स-रे काढला. टेक्निशियन म्हणाला, फिल्म उलटी लागलेली दिसते. त्याने पुन्हा काढला. तिसऱ्यांदाही तेच दिसल्यावर त्याने डॉक्टरांना बोलावलं. सईचं हृदय उजवीकडे होतं.

डॉक्टरांनी समजावलं की आतलं सगळंच आरशातल्यासारखं उलट असेल, तर माणूस मजेत जगतो. काही उलट, काही सुलट अशी सरमिसळ असेल, तर हृदयातही दोष असू शकतो. काय ते पुण्यातले डॉक्टर सोनोग्राफी करून सांगणार होते, शनिवारी दुपारी चारला. नवऱ्याला जासईच्या कंटेनर यार्डातून सुट्टी मिळेना, म्हणून गाडी मीच काढली.

एक्स्प्रेसवेने लवकर पोचता येतं. मला लवकर पोचायचंच नव्हतं, म्हणून पळस्प्याहून जुना रस्ता धरला. फाट्यावर एका मावशीकडून पेरू घेतले, पन्नासला चार, तिखटमीठ लावून. सई मिटक्या मारत होती. सुटे पैसे मी दोनदा चुकीचे मोजले तसं मावशीने मला न्याहाळलं. म्हणाली, "पोर बरी हाय, तूच का गो घाबरलीस?" खोपोलीला वडे खाल्ले, म्हणजे सईने खाल्ले. घाटात प्रत्येक वळणावर ती खोकायची आणि मी स्टिअरिंग घट्ट धरायचे.

माझी मावसबहीण मेधाताई पुण्यात माशांच्या अंड्यांवर संशोधन करते. चारपर्यंत वेळ होता, म्हणून तिने प्रयोगशाळेत बोलावलं. पट्टेरी, बोटाच्या पेराहून थोडे मोठे मासे, आणि त्यांची काचेसारखी आरपार अंडी. मायक्रोस्कोपखाली पेशींची टोपी बलकावरून हळूहळू खाली सरकत होती. कोणी हुकूम देत नाही, ताई म्हणाली, शेजारच्या पेशीला धरून, ढकलत, सगळ्या आपापल्या जागी जातात. पुढे शेपटीजवळ पाण्याचा इवलासा फुगा तयार होतो. त्यातले बारीक केस पाणी गरगर फिरवतात, आणि त्या प्रवाहावरून ठरतं की डावं कुठलं, उजवं कुठलं. माणसाच्या गर्भातही साधारण असंच होतं.

मी नजर चोरत विचारलं, मी सातव्या महिन्यापर्यंत जासईच्या खड्ड्यांतून स्कूटी चालवली, त्याने तर झालं नसेल? हे दहा वर्षं कोणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काही आहे हेच माहीत नव्हतं. ताई म्हणाली, "अगं, तुला दिवस गेलेत हे कळेपर्यंत सगळं ठरूनही गेलं होतं." मला रडू आलं.

मग तिने दोन दिवसांची पिल्लं दाखवली. एकाचं हृदय डावीकडे धडधडत होतं, एकाचं उजवीकडे, एकाचं अगदी मधोमध. सईने तिसऱ्याबद्दल विचारलं. ताई खोटं बोलत नाही. असली बरीचशी जगत नाहीत, ती म्हणाली. सईने मायक्रोस्कोपला लावलेला डोळा काढला नाही.

"मग मी यातली कुठली?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं, तीन वाजले होते.

सोनोग्राफीला पाऊण तास लागला. (जाणार असाल तर जुने रिपोर्ट आणि गार जेल पुसायला नॅपकिन न्या.) मी पडद्यावर मधोमध काही दिसतंय का ते शोधत होते. अखेर डॉक्टर म्हणाले, यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे, सगळंच उलट. हृदयात दोष नाही. मला हायसं वाटलं, मिनिटभरच. कारण ताईने सांगितले तसलेच बारीक केस छातीतला कफ बाहेर ढकलतात; तेच नीट हलत नसतील तर खोकला जात नाही, म्हणून खोकल्याची आणखी एक तपासणी करायला त्यांनी सांगितलं. ती पुढच्या महिन्यात आहे.

आता घरी आलोय. सई खोकली की मी अजून दचकते. पण झोपलेल्या पोरीच्या छातीवर हात कुठे ठेवायचा, ते आता मला कळतं.

डॉक्टरांनी एक कार्ड कायम जवळ ठेवायला सांगितलंय, कधी पोटात दुखलं तर अपेंडिक्स डावीकडे शोधावं लागेल म्हणून. सईने ते स्वतः लिहून कंपासपेटीत ठेवलं: "माझं हृदय उजवीकडे आहे. अपेंडिक्स डावीकडे. फिल्म उलटी नाही. आईला विचारू नका, ती घाबरते."