झाकलेलं ताट

नोव्हेंबरच्या सराव परीक्षेत सुप्रिया कांबळेने निष्कर्ष ओळखण्याचे सगळे प्रश्न चुकवले. बाकीचा पेपर जवळपास अचूक होता.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी तर्क शिकवतो. त्याआधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. परीक्षेत एक उतारा देतात. त्यातलं एक वाक्य लेखक वाचकाला पटवून देत असतो. तो निष्कर्ष. बाकीची वाक्यं त्याचे आधार. ओळखायची रीत सोपी आहे. प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारायचं. ‘रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या हलवाव्यात. संध्याकाळी तिथे रस्ता तुंबतो. अ‍ॅम्ब्युलन्स अडकते.’ गाड्या का हलवाव्यात, याचं उत्तर पुढची दोन वाक्यं देतात. म्हणून पहिलं वाक्य निष्कर्ष.

सुप्रिया दर वेळी अ‍ॅम्ब्युलन्सवर खूण करायची. सगळ्यांत भक्कम आधार शोधायची आणि तिथेच थांबायची. परीक्षा डिसेंबरात होती. या वर्षी नंबर लागला नाही तर पुन्हा बसायचं नाही, असं तिच्या घरी ठरलं होतं.

मी वर्गाला आपापल्या घरावर उतारा लिहायला सांगितला. लिहिणाऱ्याने फक्त आधार द्यायचे, निष्कर्ष बाकीच्यांनी काढायचा. सुप्रियाने वाचून दाखवलं.

“आमच्या घरात माणसं तीन. दुपारी आई चार ताटं वाढते. आम्ही तिघं जेवतो आणि घराला कुलूप लावून रानात तण काढायला, भांगलायला जातो. चौथं ताट झाकलेलं असतं. संध्याकाळी ते धुतलेलं असतं. मोरीच्या कट्ट्यावर पालथं.”

“उंदीर!” हुपरीचा ओंकार मागून ओरडला.

“उंदीर ताट घासतोय व्हय?” ती म्हणाली.

“घासत असला तर आमच्याकडं पाठव की. आईची कंबर तरी वाचंल.”

वर्ग हसला. ताट कुणाचं, असं मी विचारलं.

“दादाचं. तो असंच पालथं घालून ठेवायचा.”

तास संपल्यावर तिने बाकीचं सांगितलं. तीन पावसाळ्यांपूर्वी कृष्णेला पूर आला, तेव्हा भाऊ ट्रॅक्टर घेऊन शेजाऱ्याची जनावरं काढायला गेला. जनावरं वाचली. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टर सापडला. भाऊ सापडला नाही.

“म्हणजे तो...” मी म्हणालो.

“सर, आमच्यात तसं बोलत न्हाईत.”

तिचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या वळणावर. तिथे नदीने नेलेलं माणूस हाती लागेपर्यंत पुढचं वाक्य कुणी उच्चारत नाही. पाणी कुठवर आलं होतं ते सांगतात. ट्रॅक्टर कुठे मिळाला ते सांगतात. मग गप्प बसतात. भेटायला आलेले पाहुणेही तिथेच थांबतात. तीन वर्षं ती हेच ऐकत होती. पेपरात ती तेच करत होती.

“परीक्षेतला निष्कर्ष तुझा नसतो,” मी सांगितलं. “लेखक तो बोलून मोकळा झालेला असतो. तू फक्त बोट ठेवायचं. तुला पटलंच पाहिजे असं नाही.”

“म्हणजे मी म्हटलं असं होत न्हाई?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

पुढच्या सरावात तिचा एक प्रश्न चुकला. त्यापुढच्या सरावात एकही नाही. मग ती म्हणाली, “सर, तुम्ही आधी बातम्यांच्या पेपरात होता. एकदा येऊन बघा की.”

रविवारी गेलो. दोन खोल्या, भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धमूर्ती, मागे ऊस. वडिलांनी आधीच सांगून टाकलं, “आम्ही भूतबीत मानत न्हाई, सर. ताट धुतल्यालं असतंय. एवढंच.”

माझ्यासाठी एक ताट वाढलं. झाकलेलं ताट वेगळं. जेवणं झाल्यावर मी खिडक्यांचे गज हलवून पाहिले. मागच्या दाराला आतून कडी होती. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली. तिघं समोरच्या रानात भांगलत होती. मी बांधावर बसलो होतो. तिथून पुढचं दार दिसत होतं आणि ही तिघंही. कुणी उठून गेलं नाही.

उन्हं उतरल्यावर कुलूप मीच काढलं. मागची कडी तशीच होती. ताट मोरीच्या कट्ट्यावर पालथं होतं. हात लावून पाहिला. ओलं होतं.

“काय वाटतंय, सर?” वडिलांनी विचारलं.

मी त्यांना गजांचं सांगितलं. कडीचं सांगितलं. किल्ली दाखवली.

“व्हय,” ते म्हणाले.

आईने ताट पुसलं आणि फळीवर ठेवलं.

वर्गात हल्ली एक नियम मी पहिल्याच तासाला सांगतो. उताऱ्यात जे दिलेलं नाही, ते स्वतःच्या पदरचं घालू नका.

सुप्रियाचा नंबर लागला. कॉलेज पुण्यात मिळालं आणि ती हॉस्टेलवर राहायला गेली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला.

“सर, घरात आता दोघंच हायत. आई ताटं मात्र चारच वाढतीया. एक दादाचं, एक माझं.”

“आणि संध्याकाळी?”

“तुम्हीच बाबांना विचारा.”

मी त्यांना फोन केला. ते नुकतेच रानातून आले होते. दाराला कुलूप होतं, मागची कडी लावलेली होती. मोरीच्या कट्ट्यावर दोन ताटं पालथी होती. एक पुण्यात धडधाकट असलेल्या सुप्रियाचं. दोन्ही ओली.