थंडीतला फणस

बाजारात फणस दिसला की ती घटना आजही माझ्यासमोर उभी राहते. तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बस स्थानकाजवळ चहाची टपरी चालवणारा आमचा खबरी आला आणि हळूच म्हणाला, "साब, इस ठंड में फोन पर कटहल का सौदा चल रहा है. कटहल तो गर्मी में आता है ना?"

चहावाल्याचे कान आमच्या वायरलेसपेक्षा तिखट. कटहल म्हणजे फणस. ऐन थंडीत तो येणार कुठून? पण फणसासारखा खरबरीत आणि घाबरला की अंगाचा गोळा करून बसणारा एक प्राणी आमच्या जंगलात आहे, खवले मांजर. खवल्यांसाठी त्याची तस्करी होते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, वन विभागाला कळवलं आणि साध्या वेशातला हवालदार गिऱ्हाईक म्हणून पाठवला. दुपारी विकणारा ठाण्यात होता.

चोरखमारा गावाकडचा, चाळिशीतला माणूस. खिशात कागदात गुंडाळलेले काही खवले निघाले. नमुना म्हणून आणलेले. मुळाशी रक्त अजून ओलं होतं. म्हणजे प्राणी जखमी होता आणि बहुधा जिवंत होता. तो कुठे आहे, एवढंच मला तातडीने हवं होतं.

"जंगलात पडून दिसले जी, उचललो."

"आणि फोनवरचा फणस?"

"फनस म्हंजे फनसच जी. मी कायले खोटं बोलू?"

हवालदाराने आवाज चढवून पाहिला. गडी ढिम्म. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी मिटतो. मी सगळ्यांना बाहेर काढलं, चहा मागवला आणि धानाच्या गोष्टी सुरू केल्या. बोलता बोलता सहज म्हणालो, "या थंडीत तुझा फणस टिकेल मात्र."

"कायचा टिकते जी! कालपासून पानीबी नाही पेऊन राहिला."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग तोच रडायला लागला. "घरामागं तनसाच्या ढिगात ड्रम आहे जी. पिल्लूबी आहे. धरलो तवा मायच्या शेपटीवर बसून होता."

पंच आणि वनाधिकाऱ्यांना घेऊन आम्ही गाडी पळवली. भाताच्या पेंढ्याखाली दडवलेल्या ड्रमचं झाकण घट्ट होतं. आत खवल्यांचा एकच गोळा, पाठीवरचे खवले उपटलेले. पिल्लू दिसेना. पंचनामा उरकून आम्ही ती मादी वन विभागाच्या उपचार केंद्रात पोहोचवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला उलगडायची जबरदस्ती केली नाही. "सगळे बाहेर चला," त्या म्हणाल्या. "माणसं दिसेनाशी झाली की ती आपणहून उघडेल."

आम्ही खिडकीआड उभे राहिलो. बऱ्याच वेळाने गोळा सैल झाला. पिल्लू तिच्या पोटाशी होतं. ते हलत नव्हतं. मादी त्याला पुन्हा पुन्हा नाकाने ढोसत होती.

"दोन-तीन तास आधी आलं असतं तर..." डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने तोंड फिरवलं.

मादी मात्र वाचली. केंद्रातली माणसं तिच्यासाठी वाळवीने भरलेली वारुळांची ढेकळं आणत राहिली. ती बरी झाल्यावर एका संध्याकाळी नागझिऱ्याच्या जंगलात तिला सोडायला मीही गेलो. आमचं कामच मिटलेल्याला उघडायचं. कबुली मिळाली की आम्ही तपास यशस्वी म्हणतो, वरिष्ठ पाठ थोपटतात. या प्रकरणातही थोपटली. पण कबुली मिळणं आणि ती वेळेत मिळणं यांतल्या अंतरात एक जीव जातो, हे मी त्या खिडकीशी शिकलो.

पिंजरा उघडून आम्ही लांब सरकलो. ती उलगडली, वास घेतला आणि झाडीकडे चालू लागली. तिची शेपटी रिकामी होती.