कानाशी धरलेला नारळ

युरेनियमच्या खाणी असलेल्या दोन कंपन्यांपैकी कोणाचे शेअर घ्यावेत, हे माझं काही केल्या ठरत नव्हतं. एकीची खाण चालू, पण भाव चढलेला. दुसरीचा भाव उतरलेला, पण तिचं युरेनियम अजून जमिनीखालीच. पैसे निवृत्तीचे, त्यामुळे चुकायची भीती आणि झोप उडालेली.

आज बाजारात बायको नारळ घेत होती. एकेक कानाशी धरून हलवायची, आतलं पाणी ऐकायची. मला तिचा हेवा वाटला. खाण अशी कुठे हलवून बघता येते? पण मग वाटलं, आतलं न दिसताच माणूस कलिंगड आणतो, जावईसुद्धा करतो.

घरी पहिलाच नारळ कुजका निघाला. मी तिच्याकडे पाहिलं.

"निघतो एखादा," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर दोन आणले." आणि दुसरा फोडण्याआधी तिने तो पुन्हा तितक्याच विश्वासाने कानाशी धरला.

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. मी दोन्ही कंपन्यांचे थोडेथोडे शेअर घेतले, आणि त्या दुसऱ्या नारळाची सोलकढी पिऊन दुपारभर गाढ झोपलो.