पहिल्या गाडीची पूजा

छोटी मॉडेलं बनवायच्या छंदाला नवी माणसं मिळत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांचा मला राग येतो. माणसं येतात. तुम्हीच त्यांना टिकू देत नाही.

विंझरला एका बंद दुकानाच्या ओसरीवर आम्ही दर रविवारी सनबोर्डचा हलका पुठ्ठा कापून हुबेहूब एसटी गाड्या करायचो. आम्ही म्हणजे उरलेले तिघं: मी, पानशेतला हॉटेल चालवणारे दादा आणि एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका. तिघांसाठी कशाला जागा अडवता, म्हणून मालक ओसरी परत मागत होता. नवं माणूस टिकलं नाही तर सगळं बंद.

पाण्यासाठी, रस्त्यासाठी पत्रकं लिहून माझा हात बसलेला. छंदासाठीही लिहिलं, वेल्ह्याच्या बाजारात वाटलं. लोक आले. काका त्यांच्या गाडीला मोजपट्टी लावणार, "दार दोन सूत आत गेलंय" म्हणणार. लोक पुन्हा दिसायचे नाहीत.

मग वरच्या धनगरवाडीतून एक वहिनी आल्या. बाजारात त्यांनी भेळ घेतली ती आमच्याच पत्रकात बांधलेली, ते वाचून आल्या. बोटांनी मापून त्यांनी गाडी कापली. एका बाजूच्या खिडक्या दुसरीपेक्षा मोठ्या.

काका म्हणाले, "वहिनी, ही यष्टी न्हाई. मेंढरं न्यायचा टेम्पो हाय."

वहिनींनी गाडी पिशवीत घातली आणि गेल्या.

गाडी पुरी झाली की आम्ही तिची पूजा करतो. हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आमच्या चाकापेक्षा लिंबूच मोठं, म्हणून करवंद. पण पूजा काकांनी पास केलेल्या गाडीचीच.

मी म्हणाले, "काका, नवी गाडी दारात आली की पूजा करतात, का दहा वर्षं बिनचूक पळाल्यावर?"

"मंग वाकड्या गाडीला हार घालू व्हय?"

"घाला. पहिल्या गाडीला तरी घालाच."

ते तोंड फिरवून बसले. पुढच्या रविवारी वहिनी आल्या नाहीत. मी ओसरीवरून रस्त्याकडे बघत मनातल्या मनात काकांविरुद्ध पत्रक लिहीत होते.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी आल्या, सोबत जाऊबाई.

"गेल्या रविवारी शेळी व्याली, कशी येनार?" त्या म्हणाल्या.

"काकांचा राग नाही आला?"

"आमचं सासरं ह्यांच्यापरीस लई बोलत्यात. म्हनून घर सोडलं व्हय?"

दादा इतके हसले की त्यांच्या हातचा चहा सांडला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, खरंच.

काका उठले, वहिनींच्या पिशवीतून त्यांची गाडी काढली. गाडीला कुंकू लावलं, करवंद ठेवलं, गाडी पुढं ढकलली. ती जरा कलली, पण गेली. जाऊबाईंनी लगेच कटर मागितला.

"पट्टी देऊ, का बोटानं मापनार?" काकांनी विचारलं.

"आदी बोटानं. मंग बगू."

काकांनी पट्टी खिशात ठेवली. संध्याकाळी मी मालकाला सांगून आले, ओसरी सोडत नाही.