रंगवलेला नंदी

ऑइलपेंटचा वास आला की मला बोरगाव मेघेतला तो तान्हा पोळा आठवतो. मी तेरा वर्षांचा होतो, तरी बाबांनी माझा लाकडी नंदी हौसेनं नव्यानं रंगवला होता. चाकांचे लाकडी नंदी ओढत निघालेल्या लहान लेकरांच्या रांगेत मला पाहून वर्गातली पोरं ओरडली, "एवढा मोठा झाला, अन् नंदी ओढून राह्यला!" एकानं नंदीला लाथ मारली, चाक निखळलं. मला रडू येत होतं. पण रडलो तर वर्षभर चिडवतील, म्हणून मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मागून आलेल्या बाबांनी चाक उचललं, शर्टाला पुसलं. "राहू दे, मी बसवून देतो," म्हणाले. आता इतक्या वर्षांनी, परवा बाबांना अग्नी देऊन आलो. लोक म्हणाले, "मोठा धीराचा पोरगा आहे बाप्पा." मला रडायचं होतं. रडूच येत नव्हतं.