आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

माझ्या बायकोच्या छातीत गाठ निघाली ही बातमी रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत अर्ध्या दौंडला कळली होती, आणि मंगळवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सव्वीस माणसं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. आमच्या चर्चच्या मंडळीची रीतच तशी. घरात आजार शिरला की घरप्रार्थना. प्रार्थना पाहुण्यांनी करायची, चहा-पोहे आजाऱ्याने. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, टाके अजून ओले होते, आणि ही बाई ओट्याशी उभी राहून सव्वीस जणांचे पोहे परतत होती. "बसा जरा" असं एकानेही म्हटलं नाही. उलट एकीने आत डोकावून लिंबू आहे का ते विचारलं.

या लोकांची प्रार्थना ऐकण्यासारखी असते. एरवी "काय चाललंय, बरं हाय का" असं बोलणारा माणूस डोळे मिटले की एकदम "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही नतमस्तक होऊन" अशी सुरुवात करतो. देवाला साधं मराठी कळत नाही अशी त्यांची समजूत असावी. एकाची प्रार्थना सतरा मिनिटं चालली, त्यात पाटसच्या कारखान्यातली त्याच्या पुतण्याची नोकरीसुद्धा येऊन गेली.

त्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी बाहेरगावचा एक संदेशक, म्हणजे प्रवचनकार, आणला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. तो म्हणाला, "रिपोर्टची वाट कशाला बघता? बरं झालंय असं धरून आजच उपकार माना. हाच खरा विश्वास. एकदा उपकार मानले की पुन्हा मागायचं नाही. पुन्हा मागणं म्हणजे देवावर संशय." मग त्याने सगळ्यांकडून तीनदा उपकारस्तुती म्हणवून घेतली आणि विचारलं, "रविवारी उभं राहून साक्ष कोण देणार?"

मी हात वर केला. बायको दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बशा वाटायला लागली.

मी रेल्वेत गार्ड होतो. सबंध नोकरीत लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय कधी हिरवी झेंडी दाखवली नाही. तोच मी रविवारी भर उपासनेत उभा राहिलो आणि प्रभूने माझ्या पत्नीला बरं केलं आहे असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, टाळ्या गोड लागल्या.

मंडळीचा सेक्रेटरीही मीच. दर रविवारी आजाऱ्यांची यादी मी वाचायची, मग सगळी मंडळी त्या एकेका नावासाठी प्रार्थना करते. जो बरा होतो त्याचं नाव मी खोडतो. त्या रविवारी घरी आल्यावर बायकोचं नाव मी फूटपट्टी लावून खोडलं. रेघ सरळ यावी म्हणून.

गुरुवारी रिपोर्ट आला. गाठ वाईटच होती. आधी ऑपरेशन, मग किमोचे सहा डोस.

आता मंडळीला सांगायचं कुणी? साक्ष खोटी ठरली तर संदेशक खोटा, पाळक खोटे, आणि सगळ्यांत आधी मी. त्या संदेशकाला फोन लावून पाहिला, दोन्ही नंबर लागत नव्हते. मग मी जे केलं त्याला माझ्या भाषेत नीचपणा म्हणतात. पुण्याला ऑपरेशन उरकलं आणि तिला दौंडला न आणता परस्पर शिरूरला तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. मंडळीत सांगितलं, हवापालटाला गेलीय. शिरूरला हवापालट! ऐन उन्हाळ्यात! सव्वीसातल्या एकाच्याही मनात शंका आली नाही, कारण शंका आली असती तर भेटायला जावं लागलं असतं.

दर डोसाला मी तिला शिरूरहून पुण्याला घेऊन जायचो. परत येताना कोरेगाव भीमाला गाड्या तुंबायच्या आणि ती खिडकीशी पिशवी धरून ओकत बसायची. तिसऱ्या डोसाच्या वेळी तिने विचारलं, "यादीत माझं नाव हाय ना?"

"हाय की," मी म्हणालो.

"मग बरंय," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर ती तो रस्ता काढत होती.

चौथ्या डोसानंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा यादी घेऊन उभा राहिलो. सात नावं होती. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, आणि एका कमिटी मेंबरची व्यायलेली म्हैस, तिचं तर नावासकट. मी सगळी नावं घसा साफ करून वाचली आणि कागदाची घडी घातली.

बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सेक्रेटरीसाहेब, एक नाव ऱ्हायलं."

ती उभी होती. सकाळी शिरूरच्या स्टँडवर एकटीच एसटीत बसली होती, न्हावरे, चौफुला, पाटस करत आली होती. तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. डोक्यावर एक केस नव्हता.

"मी बरी झालेली न्हाई," ती म्हणाली. "दोन डोस बाकी हाईत. रात्रंदिस भ्या वाटतं. माझं नाव वाचा."

 पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधत होते, सापडत नव्हतं. मी घडी उलगडली. कागदावर नसलेलं नाव मी वाचलं. ते वाचताना माझा आवाज फाटला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज आधीच्या चार महिन्यांची वाटते.

बाहेर आल्यावर हेच लोक तिच्याभोवती गोळा झाले. एक म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं." दुसरीने लगेच मंगळवारची घरप्रार्थना ठरवून टाकली. बायको तिला म्हणाली, "या की. फकस्त पोहे घरून करून आणा." त्या मंगळवारी पाचजण आले.

चर्चमधून घरी आल्यावर ती खाटेवर टेकली. पाय सुजले होते. मी चहा ठेवला आणि पाठमोराच म्हणालो, "चुकलं माझं."

"मंडळीचं सोडा," ती म्हणाली. "शिरूरला बहिणीच्या शेजारची चाची रोज नमाजानंतर माझ्यासाठी दुवा मागायची, नाव घेऊन. मला येऊन सांगायची. तुम्ही घरी तरी माझं नाव घेतलं का देवापुढं?"

घेतलं नव्हतं. एकदा उपकार मानले की पुन्हा मागायचं नाही, हे मी त्या दोन मोबाइलवाल्याकडून शिकलो होतो. चार महिने रोज सकाळी डोळे मिटून मी पावसासाठी मागितलं, चर्चच्या पत्र्यासाठी मागितलं, त्या म्हशीसाठीसुद्धा मागितलं. तिच्यासाठी मागायचं टाळलं, आणि त्याला मी विश्वास म्हणत होतो. मी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली, आणि तिला कळलं.

"मी तुमचं नाव घ्यायची," ती म्हणाली. "उलटी झाली की चूळ भरायची आन् तुमचं नाव घ्यायची. म्हणायची, ह्या माणसाला माझी लाज वाटतीया, तेवढी आधी काढ. माझं मग बघ."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, तिच्या पायाशी येऊन बसलो आणि म्हणालो, "देवा, हिला बरी कर." पुढे काही सुचेना. मग तेच पुन्हा म्हणालो.